बाटलीत किती दिवस?

घरची बिअर किती दिवस ठेवून प्यावी, याचं एक जुनं आणि नेमकं उत्तर मला इंग्लंडातल्या एका पाद्र्याच्या लिखाणात मिळालं. विल्यम हॅरिसन, एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा. १५७७ साली पहिल्यांदा छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात तो सांगतो की उमरावांच्या मेजावरची, मार्चमध्ये काढलेली बिअर वर्षभराची, कधी दोन वर्षांचीही असते. घरच्या माणसांची मात्र निदान महिनाभराची. हॅरिसनच्या घरी बिअर काढायची ती त्याची बायको, मोलकरणींना हाताशी घेऊन, महिन्यातून एकदा. आठ बुशेल माल्ट घरच्याच जात्यावर दळायचं, म्हणजे गिरणीवाल्याचा वाटा वाचतो. त्यातून दोनशे गॅलनच्या आसपास बिअर निघे. डर्बीतल्या माझ्या स्वयंपाकघरात एका वेळी वीसेक लिटर काढतानाच मी घामाघूम होते, त्यामुळे या बाईबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तिच्या हातचं ज्ञान नवऱ्याने लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य.

ही सगळी पिंपातली बिअर. बाटलीची कथा थॉमस फुलरने १६६२ च्या ग्रंथात दिली आहे. मेरी राणीच्या राजवटीत प्रॉटेस्टंट पाद्री अलेक्झांडर नॉवेल नदीवर मासे धरत होता. बिशप बॉनर आपल्याला धरायला टपलाय हे कळताच तो पळाला आणि एल बिअरची बाटली गवतात राहिली. नंतर ती सापडली तेव्हा बूच बंदुकीसारखा आवाज करत उडालं. बाटलीतल्या बिअरचा शोध असा एका दिवसात लागला, हे मला पटत नाही. पण आवाजाचं कारण खरं आहे: आंबण्याची क्रिया पुरती थांबलेली नव्हती आणि वायूला बाहेर पडायला वाट नव्हती.

त्या वायूचा धाक गर्व्हेस मार्कमच्या १६१५ च्या गृहिणींसाठीच्या पुस्तकात स्पष्ट दिसतो. बाटल्या गोल, अरुंद तोंडाच्या घ्या. थंड तळघरात कमरेपर्यंत वाळूत पुरून ठेवा. बुचं दणकट सुतळीने आवळून बांधा, नाहीतर ती वर येऊन बिअर वाया जाईल. त्याच वर्षी राजाज्ञेने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी झाली. दगडी कोळशाच्या आचेवर पुढच्या काही दशकांत जाड, मजबूत बाटल्या होऊ लागल्या आणि बाटलीत मुरवणं बरंच निर्धोक झालं. आत काम करणारं यीस्ट सजीव आहे हे मात्र १८३० च्या दशकापर्यंत कोणी दाखवून दिलं नव्हतं. तोवर बायका चव, वास आणि बुचाचा आवाज यांवरच दिवस ठरवत.

१८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून बिअरवर बसवला आणि घरी काढणाऱ्यांनाही परवाना लागू लागला. तो जाच १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने संपवला. मधल्या त्र्याऐंशी वर्षांत आईकडून लेकीकडे जाणारं किती ज्ञान बुडालं असेल, याची मला हळहळ वाटते.

आता बाटलीतल्या मुरण्यामागची कारणं ठाऊक आहेत. भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घातली आणि बाटल्या वीस अंशांच्या खोलीत ठेवल्या, की दोनेक आठवड्यांत फेस धरतो. पण फेस आला म्हणून बिअर तयार होत नाही. कच्च्या सफरचंदासारखा वास देणारं ॲसिटाल्डिहाइड यीस्टला पुन्हा पोटात घ्यायचं असतं, गाळ खाली बसायचा असतो. साध्या बिटर बिअरला त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. हॅरिसनचा महिना इथे अजून चालतो. हॉप्सच्या सुवासाची बिअर फेस धरल्यावर लवकर संपवावी, कारण तो सुवास टिकत नाही. आठ टक्क्यांच्या वरची कडक एल मात्र सहा महिन्यांच्या आत उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. इथल्या जमीनदारांच्या वाड्यांत वारस जन्मला की जहाल बिअर काढायची आणि तो एकवीस वर्षांचा झाला की पिंप फोडायचं, अशी रीत होती. माझ्या बाटल्यांवर मी फक्त भरल्याची तारीख लिहिते आणि महिन्याला एक उघडून चव बघते.