पंगतीत कोण बसले?

इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्या वाटेवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख १९६२ साली इंग्रजीतही आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे मुक्कामावरची. दिंडी एक, टाळ-मृदंग एक, तोंडातले अभंगही तेच. पण जेवणवेळ झाली की ब्राह्मणांचा स्वयंपाक एकीकडे आणि मराठ्यांचा दुसरीकडे. इरावतीबाईंना ते खुपले. त्या मराठ्यांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. मग मात्र वाटेत बरोबरीने चालणाऱ्या बायाबापड्या त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या, हात हातात घेऊ लागल्या. मानववंशशास्त्राची पदवी जे मिळवून देऊ शकली नसती, ते एका जेवणाने दिले.

धर्म आणि समाज यांच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्याचे स्वागत मी याच प्रसंगाने करतो. देव आहे की नाही, हा प्रश्न या क्षेत्राच्या दारात सोडून यावा लागत नाही. पण आत आल्यावर तो पहिला प्रश्न राहत नाही. देवाच्या नावाने माणसे एकमेकांशी काय करतात, कोणाला जवळ घेतात, कोणाला पायरीशी थांबवतात, हे आधी पाहावे लागते.

आता एक अडचण सांगून टाकतो. ‘थिऑलॉजी’ला मराठीत सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द नाही. ‘धर्मशास्त्र’ म्हणावे तर तो शब्द पां. वा. काणे यांनी व्यापून ठेवला आहे. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत त्यांनी जो इतिहास लिहिला, तो आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांचा, म्हणजे बराचसा कायद्याचा. ‘ईश्वरविद्या’ हा शब्द ख्रिस्ती धर्मशिक्षणात वापरला जातो, बाहेर फारसा नाही. पण शब्द नाही म्हणून ते काम मराठीत झाले नाही, असे मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला हा जेजुइट ओवीत येशूची कथा सांगतो आणि स्वर्गाला बेलाशक ‘वैकुंठ’ म्हणतो. तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाई केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळे बायबल मराठीत आणतात. त्यांचा आग्रह नेमका उलटा. जुन्या भाषांतरांतले संस्कृत शब्द हिंदू कल्पना पाठीवर घेऊन येतात, म्हणून ते टाळावेत आणि साध्या बाईला कळेल असे लिहावे. एकाने ओळखीचा शब्द उचलला, दुसरीने तोच नाकारला. दोन्ही निर्णय ईश्वरविद्येचे आहेत आणि दोन्ही समाजशास्त्राचेही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात ‘धर्म’ बाजूला ठेवून ‘धम्म’ हा शब्द धरला आणि दोहोंतला फरक सविस्तर मांडला, तेही याच जातीचे काम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरातल्या धर्मांतरात काय घडले, हे समजायला मोर्च्यांचा इतिहास पुरत नाही. या एका अक्षरफरकाकडेही पाहावे लागते.

पूर्वीच्या पिढीचा मोठा प्रश्न होता : विठ्ठल कोण? रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने त्याला दिलेले उत्तर आजही वादाच्या मध्यभागी आहे. दक्षिणेकडच्या गोपालक-धनगरांचा देव हळूहळू वैष्णव होत गेला, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. त्याच सुमारास हायडलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या ओव्या ऐकत फिरत होते. गंमत अशी, की सोन्थायमर मुळात हिंदू कायद्याचे अभ्यासक. पोथीतून माळरानावर कसे यावे, हे शिकायचे तर त्यांच्याकडून. या दोघांचेही ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत ॲन फेल्डहाउस यांनी पोहोचवले. महानुभावांच्या ‘ऋद्धिपूरलीळे’चे इंग्रजी भाषांतरही त्यांचेच, आणि त्यातले गोविंदप्रभू महार-मांगांच्या घरी बिनदिक्कत जातात. तेराव्या शतकातली ही नोंद वाचून मग विसाव्या शतकातल्या दिंडीतल्या दोन चुली पाहाव्यात. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असे मानणाऱ्याची पंचाईत होते.

अलीकडच्या संशोधनाचा प्रश्न बदलला आहे. आता विचारतात : विठ्ठल कोणाचा? हा बदल वरवर लहान दिसतो. मला तो फार मोठा वाटतो, कारण मूळ शोधताना जिवंत माणसे नजरेआड होण्याचा धोका असतो. जॉन क्यून यांचे २०२१चे पुस्तक घ्या. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, ही कथा सर्वांना ठाऊक. क्यून ती खरी की खोटी, यावर अडून बसत नाहीत. चरित्रकार, नाटककार आणि चित्रपटवाले यांनी ती प्रत्येक वेळी कशी वळवली, कोणी ती बंडाची केली, कोणी दयेची, हे ते तपासतात. ‘प्रभात’चा १९३५चा एकनाथपट आधी ‘महात्मा’ होता. सेन्सॉरच्या आक्षेपानंतर त्याचा ‘धर्मात्मा’ झाला. संतकथेत इंग्रज सरकारलाही गांधी दिसले, यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

‘कोणाचा’ हा प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयातही लढला गेला. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. तिथल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने संपवले; त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला २०१४ उजाडले. चाळीस वर्षांची ती कागदपत्रे म्हणजे ईश्वरविद्येचा ग्रंथच. देवाची मालकी कोणाची, सेवेकरी म्हणजे नोकर की वारस, हे सगळे त्यात वकिली भाषेत आहे.

पण मला विचाराल तर सर्वांत श्रीमंत दालन जात्याशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरी म्हणजे माहेर, विठ्ठल भाऊ किंवा बाप, आणि जनीचे लाड पाहून रुसून बसलेली रुक्मिणी. कीर्तनकाराचा विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे. जात्यावरचा विठ्ठल बायकोची समजूत काढतो. या ओव्यांना ‘लोकसाहित्य’ असे लेबल लावून बाजूच्या कपाटात ठेवण्याची आपली सवय जुनी आहे आणि वाईट आहे. देव कसा असावा याचा विचार या बायकांनी केला, आणि तो पहाटे दळताना केला, एवढाच काय तो फरक.

आतला की बाहेरचा, हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. ‘माळ घातलीय का?’ असे वारीत कोणीतरी विचारतेच. त्यावर अमुकच उत्तर बरोबर असे नाही. डॉ. सदानंद मोरे तुकोबांच्या वंशातले आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ‘तुकाराम दर्शन’ हा ग्रंथ दोन्हीकडून लिहिलेला आहे. सोन्थायमर जर्मन. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या पाठशाळेत शास्त्रे शिकले आणि पुढे ‘हिंदू धर्माची समीक्षा’ही त्यांनीच लिहिली. माळ आहे किंवा नाही, हे लपवू मात्र नका. वारकऱ्यांच्या ते दोन मुक्कामांत लक्षात येते.

आणि पंगतीची गोष्ट संपलेली नाही. आज दिंडीत जेवणासाठी भिशी भरतात, सामान ट्रकमधून पुढे जाते, गॅसवर शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. दोन चुली बऱ्याच ठिकाणी गेल्या असतील, काही ठिकाणी नसतीलही. भिशी किती, ती कोणाला परवडली नाही, पिठले कोणी ढवळले, वाढायला कोण उठले, शेवटच्या पंगतीला कोण बसले आणि भांडी कोणी घासली, याची वही एखाद्या आषाढात कोणी लिहून आणली, तर ती मला आधी वाचायला हवी आहे.