दाग, चेहरा आणि सोळाशे मीटर

बहमनी, निजामशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा एकामागून एक अमदानी ज्या बीड परगण्यावरून गेल्या, तेथे माणूस निवडण्याची जुनी लेखी रीत लष्कराची असावी यात नवल नाही. मोगली फौजेत स्वाराची नोंद ‘चेहरा’ आणि ‘दाग’ अशा दोन कामांनी पुरी होई: कारकुनाने स्वाराचे नाव, बापाचे नाव, वर्ण, अंगावरचे तीळ व व्रण फर्दीवर उतरून घ्यावयाचे आणि घोड्यावर तापल्या लोखंडाने खूण उमटवावयाची. हा खटाटोप गुणाच्या पारखीसाठी नव्हता, लबाडीच्या बंदोबस्तासाठी होता. हजेरीपुरते उसने घोडे उभे करून सरकारी पैसा लाटणारे सरदार काही थोडे नव्हते. स्वार रात्रीच्या मजलेत टिकतो की नाही, याला फर्दीत रकानाच नव्हता.

तालमीतल्या वस्तादाची रीत याहून निराळी. त्याच्यापाशी ना फर्द ना फीत. तो हौद्याच्या काठावर बसून महिनोन्‌महिने पोराकडे नुसता पाहत असे. मान किती भरली, हे कोणालाही दिसते. परंतु दम उखडल्यावरही पोरगा पकड सोडतो की धरून ठेवतो, आणि चीत झाल्यावर अंगाची माती झाडतो की समोरच्याच्या पायांकडे पाहत उठतो, हे ओळखण्यास ज्याने स्वतः माती खाल्ली आहे त्याचाच डोळा लागतो. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे पैलवान राहुल आवारे यांना आधी पैलवान पित्याचा आणि पुढे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांचा असा डोळा लाभला. राहुल यांनी २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटाचे सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्यपदक मिळविले. मात्र ते पाहावयास बिराजदार हयात नव्हते, ते २०११ सालीच निवर्तले होते.

फर्द आणि डोळा यांचा हा कलह आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे संघ १९३६ पासून दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडून घेतात. मैदानाच्या कडेने धावत सुटून लांबून फेकलेला चेंडू झेलणारा जो ‘वाइड रिसीव्हर’, त्याची चाळीस यार्डांची धाव आता सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली जाते. जेरी राइस हा या धावेत संथ ठरलेला गडी १९८५ साली सोळाव्या क्रमांकावर उचलला गेला आणि कारकिर्दीतल्या एकूण झेलांचे व यार्डांचे विक्रम पुढे त्याच्याच नावावर जमा झाले.

आमच्याकडे फर्दीचा वारसा सैन्यभरतीकडे आला, आणि त्या भरतीने कधीकधी माणूस न पाहताच निकाल दिला. लढाऊ जातींच्या खुळचट सिद्धांतापायी १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच त्यांची पलटण उभारली, १९२१ साली मोडली, आणि पुन्हा युद्ध पेटल्यावर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावी महार रेजिमेंटची स्थापना केली. त्याच रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत बीडच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर भरती झाले. पोरे ज्याला ‘ग्राउंड’ म्हणतात त्या भरतीत पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर व बीमवर दहा ओढी, शिवाय नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि पाच सेंटिमीटर फुगणारी छाती असेच काही पाहतात. अडथळ्यांची शर्यत कोणाचे नशीब उघडील, हे तेथे कळण्यास वाव नाही. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असे फिरून झाल्यावर साबळे पलटणीच्या क्रॉसकंट्रीत उतरले, आणि तेथे अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्यांना हेरून स्टीपलचेसकडे, म्हणजे त्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळविले. गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वरला मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी पुढची चढण आहे.

आष्टी, पाटोदा, शिरूरच्या माळावर आजही पहाटे पोरे ग्राउंडची तयारी करताना दिसतात, आणि चार-पाच सेकंदांनी हुकलेला पोरगा बहुधा ऊसतोडीचा कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरतो. क्रीडाखात्याने निदान या हुकलेल्यांची नावे आणि वेळा एका वहीत उतरून ठेवाव्यात, आणि ती वही एखाद्या जुन्या वस्तादाच्या वा धावपटूच्या हाती द्यावी.