डायनॅमो गेला, परीक्षा उरली

सोयाबीनच्या हंगामात वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्यांसमोर डिझेल पिकअप गाड्यांची रांग लागते. पोती उतरतात, चालक चावी फिरवतो आणि स्टार्टर नुसता टकटक करतो. गाडी इथवर तर उत्तम आली होती! वाटेतच चार्जिंग बंद पडले असेल, तर ते कळले कसे नाही?

रुडॉल्फ डिझेलचे १८९७ साली यशस्वी ठरलेले इंजिन ठिणगीविना चालत असे. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटे. यांत्रिक पंप असलेले डिझेल इंजिन एकदा सुरू झाले, की ते विजेवर फारसे अवलंबून नसते. बॅटरी रिकामी होत राहते आणि त्याचा पत्ता लागतो तो पुढच्या स्टार्टला.

अशा वेळी एक जुनी परीक्षा हमखास केली जाते. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची; इंजिन बंद पडले तर डायनॅमो खराब. ही परीक्षा पेट्रोल गाड्यांच्या काळातली. तिथे ठिणगीला वीज लागते. डिझेल इंजिन मात्र दोन्ही परिस्थितींत चालूच राहील, म्हणजे परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. उलट नुकसान होते, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

फॅरेडेच्या १८३१ सालच्या शोधानंतर वर्षभरात पॅरिसमध्ये पिक्सीने हाताने फिरवायचे जनित्र बनवले. त्यातून निघणारा प्रवाह सारखा दिशा बदलत असे. ही अडचणच वाटली, म्हणून अँपिअरच्या सूचनेवरून त्याला कम्युटेटर जोडला गेला. मोटारींतला डायनॅमो याच वंशातला. त्याचा सगळा प्रवाह कार्बन ब्रशांतून जाई आणि मंद गतीला तो जेमतेम वीज देई. १९६०च्या सुमारास सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, तेव्हा क्रायसलर कंपनीने मोटारीत अल्टरनेटर आणला. पिक्सीची ‘अडचण’ परतली. दिशा सरळ करण्याचे काम आता सहा डायोड करू लागले. आपल्याकडे अनेक गॅरेजांत त्याला अजूनही डायनॅमोच म्हणतात. निम्मा घोटाळा इथेच आहे.

अल्टरनेटरच्या दृष्टीने बॅटरी ही एक उशी आहे. ती एकाएकी काढली, की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते आणि डायोड जळतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या डिझेल गाड्यांत तर धोका आणखी मोठा.

त्यापेक्षा व्होल्टमीटर लावावा. विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. न मिळाल्यास लगेच अल्टरनेटर उतरवू नये. पट्टा सैल आहे का पाहावे, मग मोजणी दोन ठिकाणी करावी. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम असला, तरी ४० अँपिअर प्रवाहाला तिथे २ व्होल्ट खर्च होतात. अल्टरनेटरपाशी १४.२, बॅटरीपाशी १२.२! ओहमच्या नियमाचे याहून चांगले उदाहरण दहावीच्या वर्गाला क्वचितच मिळेल.

आणि तो लाल दिवा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकाला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा जळाला, तर मंद गतीला अल्टरनेटर जागाच होत नाही. चालक मात्र लाल दिवा दिसत नाही म्हणून निश्चिंत असतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी, नुसती चावी फिरवून, हा दिवा लागतो का हे आधी पाहावे.