विमान गंजू नये म्हणून

ॲल्युमिनियम गंजत नाही, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. लोखंडी गेट दोन पावसाळ्यांत लाल होतं, पण घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं वर्षानुवर्षं तसंच. मग विमान तर ॲल्युमिनियमचं, त्याला कसला आलाय गंज? भोसरीत नुकताच नोकरीला लागलेल्या आपल्या थेरगावच्याच एका पोरानं परवा मला हे विचारलं. तो ज्या कामाला लागलाय त्याच, म्हणजे ॲनोडायझिंग आणि प्लेटिंगच्या लाइनवर मी बावीस वर्षं काढली. त्याला टपरीवर उभ्या उभ्या जे सांगून झालं नाही ते इथे लिहितो. थोडं लांबेल, पण शेवटी ते आपल्या पवनेपाशीच येतं, म्हणून वाचा.

शुद्ध ॲल्युमिनियम खरंच टिकतं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा थर चढतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. अडचण ही की शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. त्याचं पातेलं होतं, विमानाचा पंख होत नाही. 1906 च्या सुमारास जर्मनीत बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ त्यात साधारण चार टक्के तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घालून प्रयोग करत होता. गोष्ट अशी सांगतात की शनिवारी तपासलेला तुकडा सोमवारी पुन्हा तपासला तर आपोआप जास्त कडक झालेला! या मिश्रधातूचं नाव पुढे ड्युरालुमिन पडलं. आधी झेपेलिनचे सांगाडे, मग विमानं त्याची होऊ लागली. आजही विमानांच्या पत्र्यात त्याचेच वंशज आहेत.

पण ज्या तांब्यानं ताकद दिली त्यानंच दुखणंही दिलं. तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी शेजारी, वर खारट ओल, म्हणजे एक बारीकशी बॅटरीच. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. लाल गंज दिसत नाही, पांढरी भुकटी येते. कधी नुसते टाचणीएवढे खड्डे पडतात, वरून क्षुल्लक पण आत खोल. कधी गंज धातूच्या कणांच्या शिवेवरून आत सरकतो आणि लाटलेला पत्रा चिरोट्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुगतो. पोलादी बोल्ट थेट ॲल्युमिनियमला लागला तर त्याच्याभोवती वेगळाच गंज. सांध्याच्या फटीत पाणी अडकलं की आणखी वेगळा. सगळ्यात वाईट म्हणजे भार सोसणाऱ्या भागाला ओल लागली की वरून चकाचक दिसणारा भाग आतून तडकत जातो. आणि इंधनाच्या टाकीतसुद्धा सुटका नाही. तळाशी थोडं पाणी साचलं की रॉकेलच्या जातीच्या त्या इंधनावर बुरशी पोसते आणि तिच्या आम्लानं टाकी खाल्ली जाते. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा थापा वाटल्या होत्या.

यावरचा एक उपाय आपल्या आज्यांना ऐकूनच कळला असता. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून कल्हई करायची ना, तसंच. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्युरालुमिनच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवायला सुरुवात झाली. त्याला अल्क्लॅड म्हणतात. फरक एवढा की कल्हई नुसती झाकते, हा थर ओरखडा पडला तर स्वतः झिजतो आणि आतल्याला वाचवतो.

दुसरा उपाय ब्रिटनमधला, 1923 चा. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यानं खराब होत होते. बेंगफ आणि स्टुअर्ट या दोघांनी ते भाग क्रोमिक ॲसिडच्या टाकीत बुडवून वीज सोडली आणि ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड करून घेतला. हेच आमचं ॲनोडायझिंग. त्यावर क्रोमेट घातलेला प्रायमर आला. विमानांच्या आतल्या भागांना तो पिवळट-हिरवा रंग असतो, फोटोत पाहिला असेल. क्रोमेटची करामत म्हणजे ओरखडा पडला की ते ओलीबरोबर तिथे उतरतं आणि जखम बंद करतं. याच्या तोडीचं दुसरं काही मिळायला जगाला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं झगडावं लागलं.

एवढं करूनही काय होतं ते बघा. 22 ऑगस्ट 1981 ला तैवानमध्ये एक बोइंग 737 हवेतच फुटलं. पोटाखालचा पत्रा गंजून कमजोर झाला होता. 110 माणसं गेली. 28 एप्रिल 1988 ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या 737 चं पुढचं छप्पर 24,000 फुटांवर उडालं. साधारण अठरा फूट लांबीचा भाग, खाली प्रवासी तसेच उघड्यावर पट्ट्याला बांधलेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, बाकी सगळ्यांना वैमानिकांनी माउई बेटावर उतरवलं. या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती, तीही सगळी समुद्रावरची, छोटी छोटी. पत्रे जिथे एकमेकांवर चिकटवले होते तिथला गोंद सुटला, फटीत ओल गेली, गंज धरला आणि सगळा भार रिव्हेटांवर आला. मग भोकाभोकातून तडे. चढताना एका प्रवाशाला तडा दिसलाही होता, पण ती कुणाला बोलली नाही. त्यानंतरच जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले. आपल्या नाशिकजवळ ओझरला सुखोईचं ओव्हरहॉल होतं. अशा कामात विमान उघडून असा लपलेला गंज शोधणं हा मोठा भाग असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

जे क्रोमियम विमान वाचवतं ते सहा संयुजेचं, हेक्झाव्हॅलेंट. 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलं. फुप्फुसाचा कर्करोग तर आहेच. पण लाइनवरच्या माणसाला आधी कळतं ते नाकात. टाकीवरची वाफ हुंगून हुंगून नाकाचा मधला पडदा जातो, भोक पडतं. माझ्या शेजारी काम करणाऱ्या एकाला पडलं होतं. दुखत नाही, त्यामुळे त्यालाही उशिरा कळलं. युरोपनं 21 सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरायला बंदी केली. बोइंगनं बोरिक-सल्फ्युरिक आणि एअरबसनं टार्टारिक-सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत आणली. म्हणजे पर्याय आहेत, पण प्रत्येक भाग नव्यानं तपासून मंजूर करावा लागतो, म्हणून सगळं हळू चालतं.

आपल्या पट्ट्यात क्रोमियम येतं ते जास्त करून गाड्यांसाठी. शॉकॲब्सॉर्बरचे रॉड, चकचकीत पार्ट. पण 2015 मध्ये चाकणला जीईचा जेट इंजिनाचे भाग बनवणारा कारखाना सुरू झाला, विमानाची कामं इथे वाढताहेत. आनंदच आहे. पोरांना नोकऱ्या लागतायत. फक्त टाकीतलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न सोडू नका.

नियमानं नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलेंट क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जमतं ते. पाणी आम्लधर्मी करायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, नारिंगी पाणी हिरवं होतं, मग चुना घालून गाळ खाली बसवायचा आणि तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा. प्रत्येक पायरीला पैसे लागतात. मी होतो त्या एका शॉपमध्ये (नाव लिहीत नाही) पाणी हिरवं व्हायची वाट दिवसपाळीत बघायचे, रात्रपाळीत नाही. सगळे असेच असतात असं मी म्हणत नाही. नीट करणारे मालकही पाहिलेत आणि त्यांचा धंदा चालतोय.

केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातले 53 नदीपट्टे प्रदूषित होते, त्यांत पवना आहे. पण ती क्रमवारी बीओडीवर ठरते. बीओडी म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो ते. क्रोमियम कुजत नाही, त्यामुळे त्या आकड्यात ते दिसतच नाही. केजुदेवी बंधाऱ्यावरची जलपर्णी आणि फेस सगळ्यांना दिसतो, तो मुख्यतः सांडपाण्याचा. ज्याला फेस नाही, वास नाही, त्याचं काय?

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. थेरगाव ते दापोडी पवनेला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्यात हेक्झाव्हॅलेंट क्रोमियमची शेवटची चाचणी कधी झाली, आकडा किती आला, आणि नमुना दिवसा घेतला की रात्री. एवढंच विचारलंय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.