लष्करी भांडार क्रमांक : जुन्या वाहनांच्या सुट्या भागांची ओळख

लष्करी भांडारातील प्रत्येक वस्तूला ओळखीसाठी दिलेला क्रमांक. खडकीत रणगाड्यांच्या सुट्या भागांचे केंद्रीय भांडार आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप असल्याने पुण्याला हा विषय परका नाही. जीप, जोंगा किंवा शक्तिमान या लष्करी वाहनांचा जुना भाग हाती आला की बहुतेक जण त्यावरचा ठळक उठावाचा आकडा वाचून मोकळे होतात. बहुधा तोच सर्वांत कमी कामाचा असतो. तो ओतकामाच्या साच्याचा असतो, आणि एकाच साच्यातून निघालेले दोन नग पुढे वेगळ्या मापांत कातले गेले की दोन निराळे भाग ठरतात. कारखान्याचा क्रमांक निर्माता सांगतो : दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या भागांना फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’, तर विलीसने ‘ए’ हे अक्षर लावले. भांडार क्रमांक मात्र वस्तूचा असतो. एकमेकांच्या जागी चालणारे दोन कारखान्यांचे भाग त्याखाली एकत्र येतात. म्हणून आधी क्रमांक कोणत्या जातीचा हे ठरवावे, अर्थ नंतर लावावा.

ब्रिटिश पद्धतीत सुरुवातीची अक्षरे विभाग दाखवत; त्यातले ‘एलव्ही’ भारतीय लष्कराच्या निविदांत आजही दिसते. अमेरिकी क्रमांक ११ अंकी होता, १९७४ पासून १३ अंकी झाला : पहिले चार अंक वर्गाचे, पुढचे दोन देशाचे, उरलेले सात निव्वळ अनुक्रमाचे. २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल, चाके. २९३० म्हणजे इंजिन थंड ठेवणारे भाग. जुन्या अमेरिकी क्रमांकात वर्गानंतर ०० घातले की नवा तयार होतो. देशांकावरून भाग कुठे बनला ते कळते, असा समज आहे; पण ९९ म्हणजे ब्रिटनने नोंदवलेली वस्तू, तिथेच घडलेली नव्हे. क्रमांक हवाच कशाला, मुरलेल्या मिस्त्रीची नजर पुरे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. नजर आकार ओळखते, हे खरेच; पण सारख्या दिसणाऱ्या दोन भागांतला दातांचा किंवा आट्यांचा फरक तिला चकवतो. उलट, क्रमांकाची पट्टी बदललेली किंवा खोके दुसऱ्याचे असले तर क्रमांकही फसवतो. रेडिएटरवर २५३० आढळले तर काहीतरी गडबड आहे. मूळ जीपचे आटे इंची, जर्मन आराखड्याच्या शक्तिमानचे मेट्रिक. तेव्हा आटे मोजणारा पिच गेज लावून पाहावा, आणि क्रमांक व माप जुळत नसतील तर माप प्रमाण मानावे.