गेममधल्या नायिकांना चाहते ‘दुरुस्त’ करतात, त्यावर टीका का होते?

एखाद्या गेममधल्या नायिकेचे दोन फोटो शेजारी शेजारी. एकात कंपनीने बनवलेला चेहरा, दुसऱ्यात चाहत्याने बदललेला. वर एकच ओळ, ‘आता कशी छान दिसतेय!’ अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये आली असेल. खाली कमेंटमध्ये दोन गट भांडत असतात. हे भांडण नेमकं कशावरून आहे, ते समजून घेऊया.

फॅन रिबूट म्हणजे काय?

जुनं पात्र नव्याने मांडलं की त्याला रिबूट म्हणतात. १९९६ साली ‘टूम रेडर’मधून आलेली लारा क्रॉफ्ट २०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या स्टुडिओने नव्याने घडवली. ही लारा तरुण आणि अननुभवी होती, तिचा बांधाही पहिल्यापेक्षा वास्तव होता. हा अधिकृत रिबूट. चाहते हेच काम आपापल्या पातळीवर करतात. कुणी फोटो एडिट करतं, तर कुणी गेमच्या फाइल्स बदलून मॉड बनवतं.

पहिला आक्षेप : पात्राची गोष्टच पुसली जाते

२०२१ मध्ये ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ची झलक आल्यावर एका चाहत्याने नायिका एलॉयचा चेहरा बारीक केला, त्यावर मेकअप चढवला आणि फोटो पोस्ट केला. त्याची भरपूर खिल्ली उडाली. कारण एलॉय ही शिकारी आहे. आपलं जग लयाला गेल्यानंतरच्या काळात ती यंत्रप्राण्यांशी लढते. तिला आयलायनर लावायला वेळ कधी मिळणार? टीकाकारांचा मुद्दा असा, की पुरुष नायकाच्या चेहऱ्यावरचा मळ आणि व्रण ‘दमदार’ वाटतात, बाईच्या चेहऱ्यावर मात्र तेच दोष ठरतात.

दुसरा आक्षेप : चांगल्या हेतूनेही नजर शरीरावरच

याच्या उलटही घडलं आहे. २०१५ मध्ये खाण्याच्या विकारांविषयी माहिती देणाऱ्या ‘बुलिमिया डॉट कॉम’ने लारा क्रॉफ्टसह काही नायिकांचे फोटो एडिट करून त्यांना सरासरी अमेरिकन स्त्रीसारखा बांधा दिला. मुलींसमोर अशक्य शरीराचा आदर्श ठेवू नका, हे त्यांचं म्हणणं. हेतू चांगला होता. पण दिवसभर कडे चढणाऱ्या बाईचं शरीर ‘सरासरी’ कसं असेल, हा प्रश्न उरतोच. आणि चर्चा पुन्हा कंबर आणि छातीपाशीच येऊन थांबते.

पात्र काल्पनिक असेल, मग बिघडतं काय?

पात्र काल्पनिक असलं तरी त्यामागे बऱ्याचदा खरी बाई असते. एलॉयचा चेहरा डच अभिनेत्री हॅना हुक्स्ट्रा हिच्या चेहऱ्यावरून घेतला आहे. म्हणजे ‘हा चेहरा सुधारा’ हा शेरा तिच्यापर्यंतही पोहोचतो. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला, तेव्हा ॲबीचे दंड पाहून ‘बाईचं शरीर असं असूच शकत नाही’ असं अनेकांनी लिहिलं. प्रत्यक्षात ते शरीर क्रॉसफिट खेळाडू कॉलीन फॉच हिच्यावरून बनवलं होतं. ॲबीची भूमिका करणाऱ्या लॉरा बेली हिला तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

चाहत्यांची बाजू काय?

विकत घेतलेला गेम आपल्या कॉम्प्युटरवर हवा तसा बदलून खेळला, तर कुणाचं काही बिघडत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मॉड बनवता बनवता अनेक जण गेम बनवायलाही शिकतात. अडचण येते ती बदल ‘माझी आवड’ न राहता ‘तुमची चूक’ म्हणून निर्मात्यांच्या आणि कलाकारांच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा.

मग चांगला फॅन रिबूट कोणता?

१९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये नायक एका तरुणीला वाचवतो. तिचं नाव पुढे पॉलीन पडलं. माइक मिका या गेम डेव्हलपरच्या तीन वर्षांच्या मुलीने त्याला विचारलं, की मुलगी होऊन मारिओला वाचवता येईल का? २०१३ मध्ये त्याने गेममध्ये अदलाबदल केली. पॉलीन शिड्या चढू लागली आणि मारिओ वर अडकला. इथे बाई कशी दिसते यापेक्षा ती काय करते, ते बदललं. पुढे २०२४ मध्ये निन्टेन्डोनेच ‘इकोज ऑफ विज्डम’मध्ये राजकन्या झेल्डाला मुख्य पात्र केलं.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो शेअर करण्याआधी दोन प्रश्न विचारा. बदल फक्त दिसण्यात आहे की पात्राच्या कामातही? आणि हाच बदल पुरुष नायकात कुणी केला असता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर टीका कशावर आहे ते तुमच्या लक्षात आलं आहे.