पडद्यावरील खिडक्या : साधेपणा व सजावट
संगणकाच्या पडद्यावर खिडक्यांची मांडणी करणाऱ्या आज्ञावलींच्या इतिहासात इ. स. २००६ हे वर्ष लक्षणीय मानावे लागेल. त्या वर्षाच्या आरंभी लिनक्ससाठी नॉव्हेल कंपनीने 'कॉम्पिझ' प्रसिद्ध केली. तीत खिडक्या डुलत, पडदा घनासारखा फिरे. त्याच वर्षी 'डीडब्ल्यूएम' निघाली. तिची संहिता दोन हजार ओळींपलीकडे जाऊ द्यावयाची नाही, असा तिच्या कर्त्यांचा दंडक. पहिलीस निव्वळ अलंकार म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत वेगळे राखल्याने, झाकलेली खिडकी उघडी पडताच पुन्हा रेखाटावी लागत नसे. डुलणे हे त्या सोयीचे उपफल. तथापि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड समर्थ हवे. सायखेड्यातील जुन्या यंत्रावर मोडी कागदाची प्रतिमा व तिचे लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवून वाचताना प्रस्तुत लेखकास दुसरीच उपयोगी पडली. तीत खिडक्या सहसा एकमेकींवर चढत नाहीत.